अर्धी म्हण

भांडी घासताना हातावर साबणाचा फेस जमला की नारायणमामा शेजारी येऊन उभे राहिल्यासारखे वाटतात. "कमल, वाईच फेस दे," असं मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लोक चहा मागतात, पाणी मागतात, उरलेली भाजी मागतात. मामा फेस मागायचे. मी हौदाजवळच्या घमेल्यातला फेस त्यांच्या ओंजळीत घालायची आणि तो सांडू नये म्हणून ते हात छातीशी धरून भटारखान्याकडे जायचे. तिथं गॅसच्या टाकीच्या तोंडाशी, नळीच्या सांध्यांना तो फेस लावायचा आणि गुडघ्यावर बसून बघत राहायचं. बुडबुडा फुगला तर गॅस गळतोय. नाही फुगला तर हात धोतराला पुसून पुढच्या शेगडीकडे. आचारी वैतागायचा. एकदा तो फेस बुंदीच्या पिठात पडला तेव्हा त्यानं झारा उगारला होता. मामा म्हणाले, "बुंदी टाकून देता येती."

जामखेडच्या बाहेर, खर्ड्याच्या रस्त्याला जे मंगल कार्यालय आहे, तिथं मी लग्नसराईत भांडी घासते. मामा तिथं राखणदार होते. नुसते राखणदार नव्हेत. जनरेटर चालू करायचा, दिवे लावायचे, खुर्च्या मोजून घ्यायच्या, मांडववाल्यांवर नजर ठेवायची, सगळं त्यांच्याकडे. अंगानं वाळलेले, मान थोडी पुढे काढून चालायचे, कायम काहीतरी हुंगत असल्यासारखे. धोतर, पांढरी टोपी, खिशात बिडीचं बंडल. पण बिडी पेटवलेली कोणी पाहिली नाही. तशीच ओठात धरायचे, चघळायचे आणि पान सुटलं की फेकून द्यायचे. दुसऱ्या कुणी काडी ओढली की मामा हात पुढं करून उभे. विझलेली काडी त्यांच्या हातावर ठेवायची, ते ती थुंकीनं ओली करून मगच टाकणार. नवे लोक चिडत. जुने लोक सवयीनं काडी त्यांच्या हातावर ठेवत आणि बोलणं पुढं चालू ठेवत.

विजेच्या बोर्डांना ते तळहात कधी लावत नसत. हाताची पालथी बाजू लावत, पोराला ताप आलाय का ते बघताना आई लावते तशी. मग म्हणत, "ह्याला कणकण हाय." एखाद्या लग्नात दिव्यांच्या माळा फार झाल्या, पंखे फार झाले, की ते तात्यांकडे जात. तात्या म्हणजे कार्यालयाचे मालक. "तात्या, स्टेजच्या मागल्या बोर्डाला ताप भरलाय. चार माळा काढा. आग लागंल."

तो शब्द त्यांच्या तोंडात सारखा असे. पडदा दिव्याच्या जवळ आला, आग लागंल. थर्माकोलचं कमळ हॅलोजनखाली ठेवलं, आग लागंल. वरातीतली पोरं फटाक्याची माळ मांडवाच्या कापडाजवळ मांडायला लागली, की मामा अक्षता टाकणाऱ्या बायकांच्या मधून ओरडत जायचे. आणि हे सगळं लग्नाच्या मांडवात. जिथं कुंकवाची डबी हातातून सुटली तरी बायका एकमेकींकडे बघतात, तिथं हा माणूस आग म्हणायचा.

म्हणून त्यांना कोणी नारायण म्हणत नसे. म्हातारे असूनही लहान पोरांपासून तात्यांपर्यंत सगळे नाऱ्या म्हणत, कारण म्हण आयती तयार होती. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली. त्यांना बघितलं की कोणीतरी पहिला अर्धा भाग म्हणायचं आणि दुसरं कोणीतरी पुढचा भाग पुरा करायचं. मग हसायचे. मामा कधी रागावले नाहीत. ते म्हणीबद्दल बोलत मात्र असत. एकदा दुपारी मी आणि चपात्या करणारी शेवंता हौदाच्या कडेला बसून जेवत होतो. मामा आले, उभ्या उभ्याच भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि म्हणाले, "लोकं म्हन अर्धीच सांगत्यात."

शेवंता म्हणाली, "आता आनि पुढं काय हाय तिच्यात?"

"नाऱ्या म्हन्ला मांडवाला आग लागली. बरं. मग मांडवाला आग लागली हुती का न्हाई, ते कुनी इचारलं का? नाऱ्या खोटं बोल्ला असं म्हनीत कुठं हाय?"

शेवंताला हसू आवरेना. घास तोंडात असताना ती फार हसायची, ठसका लागेपर्यंत. "मामा, तुमी लई शिकायला पायजे हुतं," ती म्हणाली. "वकील झाला असता."

मला मात्र हसू आलं नाही. मी घरी जाताना त्याच्यावर विचार करत गेले. लहानपणापासून ती म्हण मी ऐकत आले होते आणि मांडवाचं पुढं काय झालं हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

मामा चुकतही फार. हे लिहायला पाहिजे, नाहीतर ते देवमाणूस होते असं वाटेल. फोडणीच्या मिरचीचा धूर बघून त्यांनी एकदा सगळा भटारखाना बाहेर काढला होता आणि वरण करपलं. दुसऱ्या एका लग्नात तर फार वाईट झालं. होम चालू होता. नवरा-नवरी लाह्या टाकत होते, गुरुजी मंत्र म्हणत होते. मामा खांबाला टेकून उभे होते. नवरीच्या शालूचा पदर होमाच्या कडेला पडला होता आणि त्याची जरीची किनार चमकत होती. मामांना वाटलं पदर पेटला. त्यांनी शेजारची बादली उचलली आणि काही न बोलता होमावर, पदरावर, गुरुजींच्या मांडीवर रिकामी केली. होम विझला. लग्नातला होम विझणं म्हणजे काय, ते सांगायला नको. नवरीची आई मटकन खाली बसली. गुरुजी भिजलेली पोथी झटकत उठले. तात्यांनी मामांना सगळ्यांसमोर गुरुजींच्या पायावर डोकं ठेवायला लावलं. पुन्हा समिधा आणल्या, गुरुजींना शांत केलं, पुन्हा होम पेटवला.

नंतर तात्या त्यांना मागच्या बाजूला घेऊन आले. मी भांड्यांवर मान घालून बसले होते. तात्या म्हणाले, "तुझं डोकं ठिकाणावर हाय का? जरीची किनार चमकली अन् तू बादली ओतली?"

"चुकलं तात्या."

"चुकलं म्हणे. सगळा गाव हसतोय."

"मी चुकलो तर लोकं हसत्यात," मामा म्हणाले. "मी बरोबर निगालो तर कोन हसंल?"

तात्या तसेच आत निघून गेले. ते तसे वाईट माणूस नव्हते. मामांनी पुष्कळदा त्यांच्या मागं लागून म्हटलं होतं, की शहरातल्या कार्यालयांत धुराची घंटा असती, छताला चकत्या लावत्यात, धूर झाला की आपोआप वाजती, तशी बसवा. म्हणजे कुनाला काय म्हनायलाच नको. तात्या म्हणायचे, या सीझनला नको, पुढच्या सीझनला बघू. मग सीझन संपायचा.

मामांचं असं का झालं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. लहानपणी ते आईबापाबरोबर ऊसतोडीला राहात्याकडे जायचे. आमच्या या कोरड्या भागातली निम्मी गावं तशीच जातात. फडाशेजारी पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या, कोप्या. मोठी माणसं उसात. कोप्यांवर लेकरं आणि एखादी म्हातारी. मामांची एक धाकटी बहीण होती. एवढंच सांगून ते थांबले. मग म्हणाले, "पाचट हाय ते. येक डाव धरलं की धरलं. पन फड लांब न्हवता. हाक आली असती तर आई पोचली असती. तिथं वरडाय कुनी न्हवतं." ते स्वतः तेव्हा कुठं होते ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला कुणाला काही विचारता येत नाही.

कार्यालयाच्या मागं एक खोली होती. तिचं एक दार आतून, सजावटीच्या सामानाच्या कोठीतून होतं. दुसरं दार मागच्या अंगणात, माझ्या हौदाच्या समोर. बायका तिथं लुगडं बदलायच्या, पाठ टेकायच्या. ते मागचं दार वाऱ्यानं आपटायचं म्हणून लोक कडी लावायचे. मामांनी कुठून तरी एक काळा दगड आणला होता, पाटाएवढा, एका कडेला चुन्याचा पांढरा पट्टा असलेला. तो ते दाराला लावून ठेवायचे. रोज सकाळी कामावर आले की पहिलं काम दगड. कोठीत कापडं, थर्माकोल, फोमच्या गाद्या, वाळलेल्या फुलांचे हार ढिगानं पडलेले असायचे. मामा म्हणायचे, "ह्या खोलीला दोन तोंडं पायजेत. येक बंद झालं तर दुसऱ्यानं श्वास घ्यावा."

त्यांची लेक मंदा लग्नाची झाली होती. पोरगी देखणी, कामाला वाघ. पहिलं स्थळ कर्जतकडचं आलं. बघून गेले, पसंत पडली, सुपारी फोडायचं ठरलं. मध्येच पाहुण्यांपैकी कोणीतरी आमच्या कार्यालयात लग्नाला आलं आणि मामा फटाक्यांवरून ओरडताना त्यांनी पाहिलं. मग निरोप आला. मुलाच्या आईचं म्हणणं असं, की ज्याच्या तोंडात सदा आग, त्याची लेक घरात कशी घ्यायची. स्थळ मोडलं. मोडलं ते मोडलं, पण निरोप आणणाऱ्यानं तो चारचौघात सांगितला, त्यामुळे पुढची स्थळं येईनात.

मंदा एकदा दुपारी कार्यालयावर आली. दुसरं एक स्थळ श्रीगोंद्याकडून येऊ घातलं होतं. ती सरळ हौदापाशी बापासमोर उभी राहिली. मी आणि शेवंता तिथंच होतो. ती रडली नाही. तिनं मामांचा हात घेतला आणि आपल्या डोक्यावर ठेवला.

"आप्पा, येकच शबूद हाय. तेवढा सोडा."

मामांनी दुसऱ्या हातानं ओठातली बिडी काढली.

"मी दुसरं काय मागत न्हाई. साडी नगं, भांडी नगं. मांडवात तो शबूद काढनार न्हाई म्हना."

"बरं," मामा म्हणाले.

"असं न्हाई. माझी शप्पत म्हना."

शेवंता मध्ये पडली. "अगं, म्हन्ला न्हवं बरं. बापाला आनि किती पिळतीस."

पण मामांनी शपथ घेतली. हात लेकीच्या डोक्यावरून काढला, तेव्हा तो हात कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी तो धोतराला पुसला.

तात्यांना हे कळलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. त्यांनीच मग युक्ती काढली. काही दिसलंच, तर ओरडायचं नाही. माईकवर जायचं आणि शांतपणे म्हणायचं, पाणी वाढा. आपली माणसं समजतील, पाहुण्यांना काही कळणार नाही, अपशकुन नाही, धावपळ नाही. तात्यांनी ते मॅनेजरला सांगितलं, जनरेटरवाल्याला सांगितलं, दोन जुन्या वाढप्यांना सांगितलं. आम्हा मागच्या बायकांना सांगायचं कुणाला सुचलं नाही. मला ते सगळं होऊन गेल्यावर कळलं.

मामांनी शपथ पाळली. त्या सराईत त्यांच्या तोंडून तो शब्द आला नाही. बोर्डाला हात लावायचे, काढायचे, आणि तसेच पुढं जायचे. लोकांची करमणूक गेली. कोणीतरी मुद्दाम पडद्याजवळ काडी ओढायचं आणि म्हणायचं, "काय नाऱ्या, आता काय लागंल?" मामा हात पुढं करायचे, काडी घ्यायचे, ओली करायचे. एवढंच. ते बारीक झाले. तोंडातली बिडी पहिल्यापेक्षा लवकर चघळून संपायला लागली.

आणि मग ते दुपारचं लग्न आलं. मुलीकडचे श्रीमंत होते. रुखवत एवढं मोठं होतं की स्टेजवर मांडून झाल्यावरही उरलं. अक्षता पडल्या, आणि मुलीच्या मामांनी ते सगळं उचलून मागच्या खोलीत ठेवायला लावलं. पितळेची भांडी, साखरेचे नारळ, लोकरीचं तुळशीवृंदावन. मग ते मागच्या अंगणात आले, पायानं काळा दगड बाजूला सारला, दार ओढून घेतलं आणि कडीला कुलूप घालायला लागले. माणूस सभ्य होता. फेटा बांधलेला, घामानं भिजलेला, सकाळपासून उभा.

नारायणमामा धावत आले. "पाव्हणं, दार उघडं राहू द्या."

"का?"

मामांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघत होते.

"हवा येती," ते म्हणाले.

"रुखवताला कशाला हवा?" पाहुणे हसले. "इथं येणारी-जाणारी शंभर माणसं. पितळ हाय आत."

"मी बसतो की हितं राखाय. दार उघडं राहू द्या."

"अहो पण का?"

पाहुण्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, खरंच पाहिली. मग कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि मामांच्या खांद्यावर थोपटून आत गेले. मामांनी दगड उचलला, उगाच थोडा वेळ हातात धरला आणि भिंतीशी ठेवला. तेवढ्यात त्यांना कोणीतरी जनरेटरकडे बोलावलं.

शेवंताच्या चपात्या झाल्या होत्या. तिची कंबर दुखत होती. "कमल, वाईच पाठ टेकती," म्हणून ती कोठीतून आत गेली. खोलीचं मागचं दार लागलंय हे तिला ठाऊक होतं. मीच तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं, माश्या येनार न्हाईत."

पंगत बसली. मी घमेल्यात हात घालून बसले होते. मग माईकवरून मामांचा आवाज आला. त्यांचा आवाज माईकवर मी कधी ऐकला नव्हता. ओळखूच आला नाही आधी.

"पानी वाढा," ते म्हणाले.

वाढपी पोरं नवीन होती, मांडववाल्यानं बाहेरून आणलेली. ती जग घेऊन पंगतीत शिरली.

"पानी वाढा. मागल्या बाजूला पानी वाढा."

मागच्या बाजूला पुरुषांची पंगत होती. पोरं तिकडं धावली. मला माझ्या जागेवरून हसण्याचा आवाज आला. कोणीतरी ओरडून म्हणालं, "अरे बास, पोट फुटंल आता." तात्या कुठंतरी वरमाईला निरोप देत होते. मॅनेजर रस्त्यावर गाड्या लावत होता. ज्यांना ती खूण ठाऊक होती, त्यांनीही दिवसभर ते दोन शब्द इतक्यांदा ऐकले होते, की त्यांना ते पाणीच वाटलं.

"पानी वाढा हो. वाढा हो पानी. अरं, पानी वाढा रं."

मग माईक पडल्याचा मोठा आवाज झाला. मी उठून आत डोकावले, तर मामा पंगतीतून पळत येत होते. पंगतीच्या बाजूनं नाही, मधून. लोकांच्या ताटांवरून, पाय अन्नात पडत, द्रोण उडत. जेवणाऱ्याच्या पानावर पाय देणारा माणूस तोवर मी पाहिला नव्हता. लोक शिव्या देत उठले. मामा माझ्या अंगावरून अंगणात आले, भिंतीशी ठेवलेला काळा दगड उचलला आणि कुलपावर घालायला लागले. तेव्हा मला दाराखालून धूर दिसला. घाव घालताना ते काहीतरी बोलत होते. मी जवळ होते, म्हणून ऐकलं. ते म्हणत होते, "पानी, पानी."

तो शब्द पहिल्यांदा उच्चारला तो मुलीच्या मामांनी. पेटलेल्या कोठीच्या तोंडाशी येऊन, किल्ली हातात धरून, त्यांनी "आग, आग" अशी किंकाळी फोडली आणि मग सगळं कार्यालय उठलं.

कुलूप तुटलं. शेवंताला मामांनीच ओढून बाहेर काढलं. तिच्या अंगावर भाजल्याची खूण नव्हती. लुगडं सुद्धा तसंच होतं, पदराला पीठ. मला वाटलं वाचली. पण धूर आत गेला होता. नगरला नेलं. ती परत आली नाही.

त्यानंतर लोक दोन गोष्टी बोलायला लागले. एक अशी, की इतकी वर्षं म्हणत होता, शेवटी त्याच्या तोंडानं लागलीच. आणि दुसरी अशी, की रोज ओरडणाऱ्याचं नेमकं त्या दिवशी तोंड का शिवलं होतं. एकच माणूस सकाळी पहिली गोष्ट बोलायचा आणि संध्याकाळी दुसरी. तात्यांनी पोलिसांसमोर, सगळ्यांसमोर मामांना विचारलं, "एक शब्द बोलायला काय झालं होतं तुला?" युक्ती कुणाची होती, हे मामांनी सांगितलं नाही. मला वाटतं, तात्यांना त्या क्षणी ती आठवतच नव्हती.

शेवंताच्या तेराव्याला मामा तिच्या गावी आले होते. आम्ही बायका ओसरीवर होतो. शेवंताची म्हातारी आई खांबाला टेकून बसली होती, तिला नीट दिसत नाही. कोण आलंय म्हणून तिनं विचारलं. कोणीतरी नाव सांगितलं. म्हातारी म्हणाली, "नारायण व्हय. तू हुतास की रं तिथं."

ती रागानं बोलली नाही. मामांनी चहाचा कप खाली ठेवला, हात जोडले आणि निघून गेले. मला ते कोपीचं आठवलं. तिथं ओरडायला कुणी नव्हतं. इथं ते होते.

मंदाचं लग्न झालं. श्रीगोंद्याचं स्थळ टिकलं. गावातच, देवळाच्या पटांगणात, मांडव न घालता, थोडक्यात उरकलं. मामा लांब लिंबाखाली उभे होते, पायाशी पाण्याची घागर ठेवून. मंदा मला भेटली तेव्हा म्हणाली, "मावशी, मी दुसरं काय बी मागायला पायजे हुतं. मी त्यांचा शबूद मागितला." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मामांनी काम सोडलं. खर्ड्याजवळच्या त्यांच्या वाडीवर शेरडं राखतात असं ऐकत होते. कार्यालय दुरुस्त झालं. या वेळी तात्यांनी सगळं केलं. भिंतीवर आग विझवायच्या लाल टाक्या आल्या, छताला पांढऱ्या चकत्या, दाराजवळ लाल डबी आणि तिच्यावर भोंगा. मागच्या खोलीला लोखंडी दार बसलं. दसऱ्याला त्या सगळ्याला झेंडूचे हार घातले, हळदीकुंकू वाहिलं, लाल टाक्यांपुढं नारळ फोडला. मग पहिल्याच लग्नात होमाचा धूर वर गेला आणि मंगलकार्यात तो भोंगा असा वाजायला लागला, की बायका चपला सोडून रस्त्यावर पळाल्या. नवरीकडच्यांनी तात्यांना फार बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी शिडी लावून वर चढलं आणि स्टेजवरच्या चकत्यांना प्लास्टिकच्या पिशव्या घालून रबरानं घट्ट बांधून टाकल्या. लग्न असलं की बांधायच्या, नसलं की सोडायच्या, असं ठरलं. आता त्या कोणी सोडत नाही. लोखंडी दाराला आतून कडी असते, आहेर सुरक्षित राहावा म्हणून.

तो काळा दगड आगीनंतर अंगणात पडून होता. चुन्याचा पट्टा काळवंडला होता. कोणी तो उचलून फेकला असता, म्हणून मी तो माझ्या हौदापाशी आणला. मोठं पातेलं घासताना कलतं, त्याला टेकू म्हणून तो चांगला होता.

मागच्या सराईत मामा शेवटचे दिसले. त्यांच्या भावकीतल्या मुलाचं लग्न होतं. स्वच्छ धोतर, नवी टोपी, कपाळाला गंध. खिशात बिडीचं बंडल नव्हतं. हात धुवायला ते माझ्या बाजूला आले, तेव्हा मी पदर सारखा करून उभी राहिले.

"बरी हायेस का, कमल?"

"बरी हाय, मामा. मंदा?"

"हाय. लेकरू झालं तिला."

एवढंच बोललो. मग ते आत जाऊन खांबाला टेकून उभे राहिले, पूर्वी राहायचे तिथंच. मी दारातून बघत होते. त्यांनी मान वर केली. छताच्या पिशव्या त्यांनी बघितल्या. एक पिशवी मिठाईच्या दुकानाची होती, तिच्यावर पेढ्याचं चित्र. ते बराच वेळ वर बघत होते. मग खाली होमकुंडाकडे बघितलं. मग स्टेजच्या मागच्या पडद्याकडे.

तिथून चाललेल्या एका गड्यानं त्यांना ओळखलं. त्यानं मोठ्यानं म्हटलं, "आरं, नाऱ्या. शुभ बोल की."

आजूबाजूचे दोघं-चौघं वळले, हसायच्या तयारीनं. मामांनी त्या गड्याकडे बघितलं. ओठ हलले.

"समदं शुभ हाय," ते म्हणाले.

ते जेवायला बसले नाहीत. अक्षता पडल्यावर कुणीतरी शोधलं, तर मिळाले नाहीत. खर्ड्याची जीप गेली होती.

पंगती उठल्या आणि भांडी माझ्याकडे यायला लागली. मी वरणाचं मोठं पातेलं ओढून घेतलं, कलतं केलं आणि टेकूचा दगड पुढं घ्यायला हात मागं नेला. दगड जागेवर नव्हता. मी वळून बघितलं. समोर लोखंडी दार सताड उघडं होतं, कडी काढलेली, आणि खाली तो काळा दगड, पट्टा बाहेरच्या बाजूला, अगदी पूर्वी लावायचे तसा लावलेला.

मी पातेलं तसंच जमिनीवर टेकवलं आणि घासायला घेतलं.